बिल्ल्याच्या नंबराचा माग: माण तालुका ते पोर्ट ब्लेअर (प्रकल्प नोंदी)

११ जून २०२४

काम हाती घेतले. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील एक शेतकरी घराणे. शोध त्यांच्या खापरपणजोबांचा. घरात तीनच गोष्टी सांगत आलेत: सत्तावनच्या बंडात होते, काळ्या पाण्यावर गेले, परत आले नाहीत. घराण्याच्या विनंतीवरून नाव, गाव या नोंदींत लिहिणार नाही. खाली त्यांचा उल्लेख ‘पूर्वज’ असाच येईल.

हाताशी असलेले कागद: आठ पिढ्यांची वंशावळ (तोंडी माहितीवरून, अलीकडे लिहिलेली), वडिलोपार्जित जमिनीचे दोन सर्व्हे नंबर, आणि घरातल्याच एकाने पूर्वी मिळवलेली एका यादीची छायाप्रत. यादीत त्याच नावाचा, सातारा जिल्ह्याचा एक कैदी पोर्ट ब्लेअरला मेल्याची ओळ आहे. वडिलांचे नाव नाही. घरात ही ओळ पुरावा म्हणून धरली गेली आहे. आम्ही ती सध्या बाजूला ठेवतो. वडिलांच्या नावाशिवायची नोंद त्या काळच्या साताऱ्यात कोणाचीही असू शकते.

पहिला प्रश्न नावाचा नाही, सालाचा. मुंबई इलाख्यातला कैदी कुठे पाठवला गेला ते शिक्षेच्या सालावर ठरते, आणि कागद कुठे शोधायचे ते त्यावरून. बेंकुलेनला (सुमात्रा) कैदी नेणे १७८७ पासून, पिनांगला (मलाया) १७९० पासून. बेंकुलेन सोडल्यावर १८२५ मध्ये सिंगापूर. १८१५ ते १८३७ मॉरिशस. ब्रह्मदेशात मोलमीनच्या बाजूला, म्हणजे तेनासरीम किनाऱ्यावरही वसाहती होत्या. अंदमानला पहिली तुकडी १० मार्च १८५८ रोजी उतरली. मलाक्का सामुद्रधुनीच्या वसाहती (पिनांग, सिंगापूर वगैरे) १ एप्रिल १८६७ ला हिंदुस्थान सरकारच्या कारभारातून बाहेर गेल्या आणि तिथले उरलेले कैदी १८७३ पर्यंत अंदमानला हलवले. ‘काळे पाणी म्हणजे अंदमान’ हे समीकरण त्यामुळे १८५८ आधीच्या माणसाला लावता येत नाही. सिंगापूरच्या सेंट अँड्र्यूज चर्चचे बांधकाम आपल्याकडच्या कैद्यांनी केले, आणि त्यांच्या घरी गावाकडे आजही ‘अंदमानला गेले’ असेच सांगत असतील.

१९ जून

सुरुवात तुरुंगाच्या कागदांनी केली नाही, जमिनीच्या कागदांनी केली. माणूस तुरुंगात गेला की सरकारी वसुलीला दुसरा माणूस लागतो, म्हणून खात्यावरचे नाव बदलते. हा बदल सालवार मिळतो.

तालुक्याच्या अभिलेख कक्षात जुनी मोडी खातेपत्रके मागितली. हक्कनोंदीची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली, म्हणजे आजच्या फेरफारांच्या साखळीने मागे गेले तर वाट तिथेच संपते. त्याआधीचे साल हवे असेल तर वसुलीची पत्रकेच पाहावी लागतात.

दुसऱ्या सर्व्हे नंबरावर सापडले. फसली (वसुलीचे साल) १२८६ पर्यंत खातेदार म्हणून पूर्वजांचे नाव, ‘अमुक बिन तमुक’ अशा स्वरूपात, वडिलांच्या नावासह. फसली १२८८ ला त्याच खात्यावर एक बाई, ‘कोम’ लावून, म्हणजे पूर्वजांची बायको. मधल्या फसली १२८७ चे पान वाळवीने खाल्ले आहे.

फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते, म्हणून फसली १२८६ म्हणजे जून १८७६ ते जून १८७७. बायकोचे नाव विधवा म्हणून लागले की नवरा गैरहजर म्हणून, ते पत्रकात नाही. पण जून १८७६ नंतर माणूस स्वतःच्या जमिनीवर होता हे नक्की. सत्तावनात शिक्षा झालेला, वीस वर्षांनी खातेदार? अशक्य नाही, पण अवघड आहे. घरच्यांना अजून काही कळवले नाही.

३ जुलै

आजचा दिवस नावाच्या रूपांत गेला, आणि तो वाया गेलेला नाही. इंग्रजी दप्तरात नाव शोधताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

आडनाव विसरायचे. १८७० च्या दशकातल्या इंग्रजी फौजदारी कागदांत कुणबी-मराठा माणूस नाव, ‘बिन’ आणि वडिलांचे नाव असाच येतो. अनुक्रमणिका लावली असेल तर ती पहिल्या नावाच्या अक्षरावर लागते. आडनावाच्या अक्षराखाली आठवडाभर शोधले तरी हाती काही लागणार नाही. मुसलमान कैद्याला ‘वलद’, बाईला नवऱ्याच्या नावाआधी ‘कोम’.

स्पेलिंग कारकुनाच्या कानावर असते. सातारा दोन टी घालून, ठाणे ‘टॅना’, कुणबी ‘कूनबी’. पूर्वजांच्या पहिल्या नावाची आम्ही नऊ रूपे काढली, वडिलांच्या नावाची सहा. शोधताना ती रूपे एकेक करून घालायची आणि वापरली त्या प्रत्येकापुढे खूण करायची. नाही तर महिन्याभराने तेच परत शोधले जाते.

मोडीची अडचण वेगळी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये जागा नाही, लेखणी उचललेली नाही. आमच्या वाचनात वडिलांचे नाव दोन प्रकारे लागत होते. म्हणून दोघांनी एकमेकांचे न पाहता लिप्यंतर केले आणि मग ताडून पाहिले. फरक आला तिथे त्याच कारकुनाच्या हातचे तेच अक्षर दुसऱ्या, निश्चित शब्दात शोधले. ‘साल’ आणि ‘आकार’ हे शब्द प्रत्येक पानावर असतात, त्यांच्यावरून अक्षरवळण पक्के करता येते.

२२ जुलै

मुंबई, काळा घोडा. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य पुराभिलेखागार. ज्युडिशियल खात्याचे १८७७, १८७८ आणि १८७९ या तीन सालांचे खंड मागवले. आधी सूची पाहायची, मग खंड, मग आतला विषय. चिठ्ठीवर साल आणि खंड क्रमांक दोन्ही लागतात, नुसते साल लिहून भागत नाही.

‘सातारा’ आणि ‘काळे पाणी’ असा शोध घेतला की एक वेगळाच गठ्ठा वर येतो, हे पुढच्या अभ्यासकांसाठी लिहून ठेवतो. महाबळेश्वरला मलाक्का सामुद्रधुनीकडून आणलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता, तो १८६४ मध्ये बंद झाला. ते इकडे हद्दपार होऊन आलेले, आपण शोधतो तो इकडून गेलेला. त्या लोकांनी तिथे भाजीपाल्याचे मळे केले. त्यांच्या वंशाचा माग कोणी तरी घेतला पाहिजे. आमच्या कामाशी तो कागद लागत नाही.

नावाने काही मिळाले नाही. अपेक्षाही नव्हती. मग विषयाने शोधले. १८७६ ते १८७८ हा मोठा दुष्काळ. साताऱ्याच्या पूर्वेकडचे माण, खटाव हे तालुके त्यात होरपळले. शके १७९८ धाता संवत्सर आणि शके १७९९ ईश्वर संवत्सर, दोन वर्षे पावसाने दगा दिला. पेवे फोडणे, धान्याच्या गाड्या लुटणे, सावकाराच्या घरावर दरोडा असा पत्रव्यवहार या खंडांत ओळीने येतो.

दुपारी तीनच्या सुमारास एका दरोड्याचा कागद मिळाला. तालुका माण. घरमालकाचा मृत्यू. सात आरोपी, सातांचीही नावे ‘बिन’सह. चौथे नाव पूर्वजांचे, वडिलांच्या नावासह. स्पेलिंग आमच्या नऊ रूपांपैकी सातवे.

खोलीत बोलायचे नसते, म्हणून बाहेर येऊन ते नाव पुन्हा एकदा अक्षर अक्षर वाचले.

छायाचित्र घेण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. प्रत्येक चित्रात खाते, साल, खंड आणि पान लिहिलेली कागदाची पट्टी ठेवली. फ्लॅश नाही. शिवणीजवळचा मजकूर वाचण्यासाठी ठिसूळ पान दाबून सपाट करायचे नाही. ओळीचा शेवट दिसत नसेल तर तसा शेरा लिहायचा.

१३ ऑगस्ट

त्या कागदावरचे कलम: भारतीय दंड संहितेचे ३९६, खुनासह दरोडा. शिक्षा फाशी, जन्मभर काळे पाणी किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

यातून तीन गोष्टी निघतात.

एक. दंड संहिता १८६० चा कायदा असली तरी लागू झाली १ जानेवारी १८६२ ला. कैद्याच्या नावापुढे संहितेचे कलम असेल तर तो गुन्हा त्यानंतरचा. त्याआधीच्या मुंबई इलाख्यातल्या शिक्षेला १८२७ चे रेग्युलेशन १४ लागते. सत्तावनची गोष्ट इथे संपली.

दोन. दरोड्याला कलम ३९१ प्रमाणे किमान पाच माणसे लागत. म्हणजे शोधायचा माणूस कधीच एकटा नसतो. एकाच नावावर अडकून बसण्यापेक्षा सातही नावे शोधावीत. त्यांची शिक्षेची तारीख एक, जिल्हा एक, बहुधा तुरुंगही एक आणि जहाजही एक. एखाद्याचे नाव विरळा असेल तर त्याच्या मागे बाकीचे सहा सापडतात. या सातांत दुसऱ्याचे नाव फारच वेगळे आहे, त्याच्यावर भिस्त ठेवायची.

तीन. सेशन्स जज्जाने फाशी दिली असेल तर हायकोर्टाची मंजुरी लागे आणि तिथे फाशीची जन्मठेप होऊ शके. मुंबईचे हायकोर्ट १८६२ पासूनचे, म्हणजे तिथेही एक कागद असण्याची शक्यता. छापील निकालांचे खंडही पाहिले, काही नाही. त्यांत कायद्याचा मुद्दा निघालेले खटलेच येतात, म्हणून नसण्याचा अर्थ लावायचा नाही. सेशन्स कोर्टाचे मूळ पुराव्याचे कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट करत. आम्हाला निकालाच्या नोंदवहीतली एक ओळ मिळाली: चौघांना जन्मभर काळे पाणी, दोघांना सक्तमजुरी, एक निर्दोष. तारीख मार्च १८७८. पूर्वज चौघांत.

४ सप्टेंबर

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर काम. होम खात्यात ‘पोर्ट ब्लेअर’ नावाची वेगळी शाखा आहे, अंदमानच्या कैद्यांचा दिल्लीतला कागद मुख्यतः तिथे. त्याआधीच्या सालांसाठी होम खात्याची ज्युडिशियल शाखा पाहावी.

इथे कैद्याचे नाव टाकून शून्य निकाल आला तर हातपाय गाळू नयेत. सूचीत फाइलचा विषय लिहिलेला असतो, आतल्या यादीतली नावे नाहीत. ‘पोर्ट ब्लेअरहून जन्मठेपेच्या कैद्यांची सुटका’ एवढ्या एका ओळीमागे शेकडो माणसे असतात. म्हणून शोध विषय, प्रांत आणि साल यांवर करायचा.

‘अ’ वर्गाची कार्यवाही (खात्याचा नोंदवलेला पत्रव्यवहार) छापलेली असते आणि तिची सूची चांगली. ‘ब’ वर्गाची बहुतेक हाताची, आणि नेहमीच्या सुटका, बदल्या, किरकोळ अर्ज यांचा भरणा त्यातच. सामान्य शेतकरी कैदी ‘अ’ वर्गात क्वचितच येतो. त्यात येतात ते नियम. माणसासाठी ‘ब’ चाळावेच लागते.

वसाहतीचे वार्षिक अहवालही उतरवून घेतले. किती आले, किती मेले, किती सेल्फ-सपोर्टर (स्वतः कमावून राहण्याची मुभा मिळालेले कैदी), हे सगळे आकडे आहेत. नाव एकाचेही नाही. पार्श्वभूमीला उपयोगी, माणसाच्या शोधाला नाही.

पोर्ट ब्लेअरच्या मूळ नोंदवह्यांची आशा ठेवलेली नाही. २३ मार्च १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत बेटे जपान्यांच्या ताब्यात होती आणि त्या काळात तिथले बरेच दप्तर नष्ट झाले. मात्र कंपनी आणि नंतरचे सरकार प्रत काढल्याशिवाय कागद हलवत नसे. पोर्ट ब्लेअरने पाठवलेले पत्र दिल्लीच्या दप्तरात मिळते, त्याचा संदर्भ मुंबईच्या ज्युडिशियल खात्यात, आणि छापील कार्यवाहीची प्रत लंडनला इंडिया ऑफिसच्या ‘पी’ मालिकेत. एका ठिकाणी पान फाटले असेल तर दुसरीकडे तेच पान मागावे.

२४ सप्टेंबर

दिल्ली. मागवलेल्या अकरा फाइलींपैकी आठ आल्या, तीन ‘जागेवर नाही’ असा शेरा घेऊन आल्या. आठव्या फाइलीत सुटकेच्या प्रस्तावाला जोडलेली नामावळी होती. रकाने: नंबर, नाव, जात, शिक्षा झालेला जिल्हा, कलम, शिक्षेची तारीख, त्या वेळचे वय, वर्तन.

पूर्वज त्या पानावर नव्हते. दुसरा आरोपी होता, तो विरळा नावाचा. सातारा, ३९६, मार्च १८७८.

पोर्ट ब्लेअरचा नंबर, म्हणजे कैद्याच्या बिल्ल्यावरचा, आगमनाच्या क्रमाने मिळे. एकाच खटल्यातले चौघे एकाच तुरुंगातून एकत्र निघाले तर त्यांचे नंबर लागोपाठ किंवा जवळजवळ असणार. म्हणून दुसऱ्याच्या नंबराच्या आगेमागे दहा-दहा नंबरांची पट्टी काढली आणि पुढच्या सालांच्या नामावळ्यांत नाव न पाहता फक्त नंबर पाहत गेलो. चौथ्या फाइलीत, दोन नंबर पुढे, पूर्वज. नावाचे स्पेलिंग आमच्या नऊ रूपांपैकी एकही नव्हते, कारकुनाने ‘बिन’ नावाला चिकटवून एकच शब्द केला होता. नावाने शोधत राहिलो असतो तर हे पान नुसते उलटले गेले असते.

जिल्हा, कलम, तारीख, वडील, सगळे जुळले. शिक्षेच्या वेळचे वय ३२. कैद्यांची वये अंदाजाने लिहिलेली असतात, चार-पाच वर्षे इकडेतिकडे धरावीत. तरी सत्तावनात ते अकरा वर्षांचे, फार तर सोळा.

नंबर पाच आकडी आहे. हे बरोबर वाटते, कारण व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला १८७२ मध्ये मारणाऱ्या शेर अलीचा नंबर १५५५७ आणि १९११ मध्ये उतरलेल्या विनायक दामोदर सावरकरांचा ३२७७८. हा मापदंड ढोबळ आहे, नंबर पाच आकडी असावा एवढ्यापुरताच वापरला. ३ आणि ८, १ आणि ७ या अंकांत गफलत होते, म्हणून नंबर दोन वेगळ्या कागदांवर मिळेपर्यंत पेन्सिलीनेच लिहायचा.

आता घरातली जुनी छायाप्रत. मेलेल्या कैद्याचा नंबर वेगळा, कलम ३०२, शिक्षेचे साल १८६९. तो दुसराच माणूस, शेजारच्या तालुक्यातला. त्याचेही घर कुठे तरी असेल आणि त्यांना ही ओळ ठाऊक नसेल.

१६ ऑक्टोबर

शिक्षा आणि सुटका यांच्या मधली वर्षे.

साताऱ्याहून पोर्ट ब्लेअरपर्यंतच्या प्रवासाचा थेट कागद अजून नाही. मुंबईहून कलकत्त्यापर्यंत रेल्वे १८७० मध्ये सलग झाली, मद्रासची वाट १८७१ मध्ये, म्हणजे १८७८ चा कैदी आगगाडीने कुठल्या तरी पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराला गेला असणे शक्य आहे. पुढे सावरकरांना ठाण्याच्या तुरुंगातून रेल्वेने मद्रासला आणि तिथून ‘महाराजा’ बोटीने नेले, ती वाट सर्वांना माहीत आहे. तीच इथे चिकटवायची नाही. अहवालात हा भाग रिकामा सोडू.

दुसरी चिकटवाचिकटवी सेल्युलर जेलची. घरच्यांच्या डोळ्यांपुढे कोठडी आणि कोलू आहे. त्या इमारतीचे काम १८९६ ला सुरू झाले आणि १९०६ ला पुरे झाले. १८७८-७९ ला उतरलेला कैदी बराकीत राहिला, बेड्यांच्या टोळीची जागा व्हायपर बेट. कोठडीत सहा महिने, मग दीड वर्ष एकत्र तुरुंगात, तीन वर्षे सक्त मजुरी, असे जे टप्पे गॅझेटिअरमध्ये छापलेले सापडतात ते विसाव्या शतकाच्या आरंभीचे आहेत. ते मागे लावले की चरित्र खोटे होते.

पण एक धागा दोन्ही काळांत चालतो: ठराविक वर्षे चांगल्या वर्तनाची काढली की तिकिट मिळून कैदी सेल्फ-सपोर्टर होई. जमीन कसायची, स्वतःचे पोट स्वतः भरायचे, वसाहतीबाहेर मात्र जायचे नाही. सुटकेच्या नामावळीत पूर्वजांच्या नावापुढे हाच शेरा आहे. माणचा कोरडवाहू कुणबी खाडीकाठच्या पावसाळी जमिनीत भात पिकवत होता.

सेल्फ-सपोर्टरला बायको बोलावण्याची मुभा होती. सरकारला वसाहतीत बायका हव्या होत्या, म्हणून मागणी आली की ती मूळ जिल्ह्याकडे जाई आणि तिथे बायकोला विचारत. बहुतेक नकार देत. हा कागद जिल्ह्याकडून परत मुंबईच्या ज्युडिशियल खात्यात येतो, म्हणून तिथे १८८४ ते १८९० चे खंड पुन्हा चाळले. १८८८ चा एक तक्ता मिळाला: अकरा कैदी, अकरा बायका. पूर्वजांच्या बायकोपुढे, जाण्यास तयार नाही. कारणाच्या रकान्यात मुले आणि शेत.

फसली १२८८ पासून खाते तिच्या नावावर आहे. दुष्काळानंतरची ती जमीन तिने सोडली नाही, म्हणून ती आज घराण्याकडे आहे. या शोधाला आम्ही पूर्वजांचा शोध म्हणतो; वंशावळीत तिचे नावच नव्हते. आज घातले.

२७ नोव्हेंबर

पंढरपूर. कार्तिकी वारी उलटल्यावर दोन आठवडे थांबून गेलो. वारीच्या दिवसांत वह्या काढायला कोणाला सवड नसते. घराण्याचे परंपरागत बडवे (यात्रेकरू घराण्यांच्या नावांच्या वह्या ठेवणारे पुरोहित) कोण ते आधी घरून विचारून घ्यावे, कारण वह्या गावांप्रमाणे वाटलेल्या असतात. चुकीच्या घरी गेले की तिथे नोंद नाही असे उत्तर येते आणि लोक तेच खरे धरतात.

वही मोडीत. शके १७९३ ची नोंद पूर्वजांच्या वडिलांची. मग थेट शके १८२३ प्लव संवत्सर, म्हणजे १९०१-०२. नावे सांगितली आहेत पूर्वजांच्या मोठ्या मुलाने, आणि त्यात वडिलांचे नाव हयात म्हणून.

सावध राहावे. वहीत नाव असणे म्हणजे माणूस पंढरपुरात आला असे नाही. येणारा घरातल्या सगळ्यांची नावे लिहवून घेतो, परगावच्यांचीही. मुलाला वडील पोर्ट ब्लेअरला जिवंत आहेत हे पत्राने कळलेले असू शकते. म्हणून या नोंदीतून एवढेच: १९०१ मध्ये घरचे लोक त्यांना जिवंत समजत होते. तेवढ्यानेही ‘कधीच काही कळले नाही’ ही घरची समजूत बाजूला होते.

हेळव्यांनाही विचारले. बैलावरून येऊन वंशावळ सांगणारे हेळवी या भागात सुगीनंतर येतात, या घराण्याचा हेळवी ठरलेला आहे. त्याच्या चोपडीत पूर्वजांच्या तीन मुलांऐवजी चार आहेत. चौथ्याचे नाव वंशावळीत नाही. हेळव्याच्या चोपडीत साल नसते, क्रम असतो, आणि हा चौथा शेवटचा लिहिला आहे. नोंद करून ठेवली.

१० डिसेंबर

सुटकेचा प्रस्ताव १८९८ चा. कायद्यात काही हिशेबांसाठी जन्मठेप वीस वर्षांची धरली आहे आणि पोर्ट ब्लेअरला सुटकेचा विचार वीस ते पंचवीस वर्षांनी होई. मार्च १८७८ अधिक वीस, बरोबर बसते. ‘जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत’ असे धरून परतीचा शोधच न घेणे ही सर्रास होणारी चूक आहे. कैद्याचा शोध सरकारी दप्तरात संपला की पुन्हा गावात यायचे.

गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीकडे वळलो, गाव नमुना १४, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. १८९९ पासून पुढे पान न पान पाहिले. १८९९ ते १९०३ प्लेगच्या नोंदींची गर्दी आहे, एकेका दिवसाला चार-पाच नावे, अक्षर घाईचे. तिथे चुकून पान सुटू नये म्हणून दोघांनी वेगवेगळ्या दिवशी वाचले.

१९०६ च्या पानावर मृत्यूची नोंद मिळाली. नाव, बिन, वडिलांचे नाव, जात, वय ६०, कारण ताप. खबर देणारा मोठा मुलगा.

ते परत आले होते. घरी, स्वतःच्या गावात वारले. वयही जुळते: १८७८ ला ३२, १९०६ ला ६०.

एकाच गावात त्याच नावाचा आणि त्याच वडिलांच्या नावाचा दुसरा कोणी होता का, हे तपासले. त्या वीस वर्षांच्या खातेपत्रकांत नाही. खबर देणाऱ्या मुलाचे नाव पंढरपूरच्या वहीतल्या मुलाशी जुळते. आम्ही ही ओळख पक्की धरतो.

७ जानेवारी २०२५

घरच्यांना अहवाल दिला. आधी लिहून पाठवला नाही, समोर बसून कागद एकेक करून दाखवले. क्रम असा ठेवला: जमिनीचे पत्रक, दुष्काळ, खटला, कलम, बायकोचा तक्ता, शेवटी १९०६. पूर्वज सत्तावनचे वीर नव्हते हे आधी सांगितले असते तर पुढचे कोणी ऐकले नसते. दुष्काळाच्या सालातला दरोडा, त्यात एका माणसाचा जीव गेला, हे आहे तसेच सांगितले. ज्याचे घर फुटले त्याचेही घराणे असेल, म्हणून घरमालकाचे नाव अहवालात छापायचे नाही असे सर्वांनी ठरवले.

मग ‘आले नाहीत’ ही गोष्ट घरात का राहिली? आम्ही तर्क दिला नाही. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईंनी सांगितले की त्यांच्या सासूबाई एका ‘अंदमानच्या आज्या’चे नाव काढत आणि लगेच विषय बदलत. ही तोंडी माहिती म्हणून वेगळ्या रकान्यात लिहिली, तारखेसह.

उरलेली कामे:

पोर्ट ब्लेअरच्या कागदावर नंबर आत्तापर्यंत एकदाच मिळाला आहे. दुसरा कागद मिळेपर्यंत तो पेन्सिलीनेच.

हेळव्याच्या चोपडीतला चौथा मुलगा. सेल्फ-सपोर्टर कैद्याला वसाहतीतल्या कैदी बाईशी लग्नाची परवानगी मिळे आणि त्यांच्या मुलांना तिथे ‘लोकल बॉर्न’ म्हणत. १८८८ ला बायकोने नकार दिला, १८९८ ला सुटकेचा प्रस्ताव. मधल्या दहा वर्षांच्या ‘ब’ कार्यवाहीत लग्नाच्या परवानग्यांच्या फाइली मागवायच्या आहेत. शोध नावाने नाही, नंबरानेच. मागणीच्या चिठ्ठ्या आज भरल्या.